स्कोअर वाढतो, पण स्क्रीनवर शून्यच: व्हेरिएबलची किंमत स्क्रिप्टमधून दाखवताना

प्रश्न थोडक्यात असा: युनिटी या खेळ बनवण्याच्या इंजिनमध्ये खेळाडूच्या स्क्रिप्टमध्ये 'नाणी' नावाचं एक इंटिजर (पूर्णांक) व्हेरिएबल आहे. नाणं उचललं की ते एकाने वाढतं आणि कन्सोलमध्ये वाढलेला आकडा छापूनही येतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात टेक्स्ट ठेवलं आहे आणि सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या स्टार्ट फंक्शनमध्ये त्या टेक्स्टला 'नाणी'ची किंमत दिली आहे. तरी खेळ सुरू असताना तिथे शून्यच दिसत राहतं. चूक कुठे होतेय, आणि हे करायची नीट पद्धत कोणती?

स्टार्टमध्ये आपण व्हेरिएबल टेक्स्टला जोडलं, असं तुम्हाला वाटतंय. चूक तिथेच आहे. तिथे काहीच जोडलं गेलेलं नाही. त्या क्षणी 'नाणी'मध्ये शून्य होतं, टूस्ट्रिंगने त्या शून्याची एक स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) बनवली, लेबलने, म्हणजे कोपऱ्यातल्या टेक्स्टने, ती ठेवून घेतली आणि दोघांचा संबंध तिथेच संपला. ती स्ट्रिंग कोणत्या व्हेरिएबलवरून आली, हे लेबलला ठाऊक नसतं; आपला आकडा कुठे लिहून ठेवलाय, हे व्हेरिएबलला ठाऊक नसतं. वहीत उतरवून घेतलेला मीटरचा आकडा मीटर पुढे गेला म्हणून बदलत नाही, तसंच हे. वहीत नवा आकडा हवा असेल तर कुणीतरी पुन्हा लिहायला हवा. तो कुणी लिहायचा आणि केव्हा लिहायचा, हे दोन निर्णय घेतले की बाकीचं सोपं आहे.

आधी प्राथमिक जोडणी तपासून घ्या, कारण निम्मे लोक तिथेच अडकलेले असतात. आजकाल युनिटीत टेक्स्ट ठेवलं की ते बहुधा टेक्स्टमेशप्रो या नव्या टेक्स्ट-प्रणालीचं असतं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये फील्डचा प्रकार जुना 'टेक्स्ट' लिहिलेला असेल, तर इन्स्पेक्टरमधल्या (निवडलेल्या वस्तूचे गुणधर्म दाखवणाऱ्या खिडकीतल्या) त्या खान्यात लेबल ओढून टाकलं तरी ते बसणारच नाही. प्रकार 'टीएमपी अंडरस्कोर टेक्स्ट' लिहा आणि वर टीएमप्रो ही नेमस्पेस घ्या. हा मूळ क्लास असल्यामुळे कॅनव्हासवरचं, म्हणजे स्क्रीनवरच्या सपाट थरातलं, लेबलही चालतं आणि त्रिमितीय जगात ठेवलेलं लेबलही. फील्ड पब्लिक करायची गरज नाही. प्रायव्हेट ठेवून सिरियलाइझफील्ड लावलं की इन्स्पेक्टरमध्ये दिसतं आणि दुसरी कुठली स्क्रिप्ट त्याला हात लावू शकत नाही.

आणि ओढताना बघा की लेबल सीनच्या हायरार्कीतून (सीनमधल्या वस्तूंच्या यादीतून) ओढताय, प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या प्रीफॅबमधून (वस्तूच्या साच्याच्या फाइलमधून) नाही. प्रीफॅबमधलं लेबल जोडलं गेलं तर एकही एरर येत नाही. कोड चालतो, टेक्स्ट बदलतं, फक्त ते फाइलमधल्या मूळ प्रतीचं बदलतं आणि स्क्रीनवरची प्रत तशीच राहते. या एका गोष्टीपायी मी एकदा पूर्ण संध्याकाळ घालवली आहे, कारण एरर नसताना माणूस आपल्या गणितावरच संशय घेत बसतो.

आता केव्हा लिहायचं, याकडे येऊ. सगळ्यात सरळ उत्तर म्हणजे अपडेट फंक्शनमध्ये, म्हणजे दर फ्रेमला. स्टार्टमधली तुमची ती ओळ उचलून अपडेटमध्ये टाकली तर तुमचा प्रश्न आत्ता, या क्षणी सुटेल. खेळाचा पहिला नमुना करताना मी स्वतः असंच करतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ही ओळ काय करते ते बघा. सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर एका फ्रेमला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात. त्या प्रत्येक फ्रेममध्ये तुम्ही एक नवी स्ट्रिंग बनवताय. सी शार्पमध्ये स्ट्रिंग जागच्या जागी बदलता येत नाही, दर वेळी नवीच तयार होते आणि जुनी कचऱ्यात जाते. खेळाडूने मिनिटभरात चार नाणी उचलली, तर चार वेळा लागणारं काम तुम्ही 3,600 वेळा केलंत. हा कचरा गोळा करायला गार्बेज कलेक्टर येतो, आणि तो नेमका उडीच्या मध्यावर आला की खेळाडूला झटका जाणवतो.

एका लेबलने खेळ बुडत नाही, हेही तितकंच खरं. पण लेबलं वाढत जातात: आरोग्य, गोळ्या, वेळ, अंतर, मग प्रत्येक शत्रूच्या डोक्यावर एकेक आकडा. शिवाय कॅनव्हासचा स्वभाव असा की त्यातला एक घटक बदलला की त्या कॅनव्हासची जाळी पुन्हा जुळवावी लागते. म्हणून सतत बदलणारा टायमर आणि कधीच न बदलणारी चौकट-चित्रं मी एका कॅनव्हासवर ठेवत नाही. टायमरला आपला वेगळा, आत बसवलेला कॅनव्हास देतो. तुमच्या खेळात हे सगळं खरोखर महाग पडतंय का, ते अंदाजाने ठरवू नका. प्रोफायलर (खेळ किती वेळ आणि मेमरी खातो ते दाखवणारं साधन) उघडा आणि 'जीसी अलॉक'चा, म्हणजे नव्याने घेतलेल्या मेमरीचा, रकाना बघा. खेळाडू नुसता उभा असतानाही तिथे दर फ्रेमला बाइट्स दिसत असतील तर कुणीतरी विनाकारण लिहितंय.

नीट पद्धत अशी: किंमत जिथे बदलते, तिथूनच बदल झाल्याचं कळवायचं. 'नाणी' व्हेरिएबल प्रायव्हेट करा. ते वाढवायला एकच फंक्शन ठेवा, समजा 'नाणीवाढवा'. त्यात दोनच गोष्टी होतात: आकडा वाढतो आणि 'नाणीबदलली' नावाचा इव्हेंट (ऐकणाऱ्या सगळ्यांना जाणारी हाक) नवा आकडा घेऊन सुटतो. लेबलवर वेगळी छोटी स्क्रिप्ट असते. ती या इव्हेंटची वर्गणीदार होते आणि आकडा आला की टेक्स्टमध्ये लिहिते. खेळाडूच्या स्क्रिप्टला लेबल आहे की नाही हेही माहीत नसतं. उद्या नाण्याचा आवाज हवा झाला, शंभर नाण्यांवर बक्षीस द्यायचं झालं, तर ती मंडळीही याच इव्हेंटवर येऊन बसतात. खेळाडूच्या स्क्रिप्टमध्ये एकही ओळ बदलावी लागत नाही.

इथे मात्र तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं म्हणजे सुरुवातीचा आकडा. इव्हेंट फक्त बदल झाल्यावर सुटतो. साठवलेल्या खेळातून 37 नाणी आधीच आली असतील आणि लेबल नंतर जागं झालं असेल, तर पहिलं नाणं उचलेपर्यंत स्क्रीनवर एडिटरमध्ये टाइप केलेलं 'नवीन टेक्स्ट' वगैरे काहीतरी दिसत राहतं. म्हणून वर्गणीदार होताना लगेच आत्ताचा आकडा मागून घेऊन लिहायचा.

दुसरं, जागं होण्याचा क्रम. युनिटीत एका ऑब्जेक्टचं अवेक (जागं होताना एकदा चालणारं फंक्शन) आणि ऑनएनेबल (चालू होताना दर वेळी चालणारं) पाठोपाठ चालतं, मग दुसऱ्याची पाळी येते. त्यामुळे लेबलच्या ऑनएनेबलमध्ये तुम्ही खेळाडूला आकडा विचारता, तेव्हा खेळाडूचं अवेक झालेलं असेलच याची खात्री नाही. सीनमधल्या सगळ्यांचं अवेक झाल्यावरच स्टार्ट सुरू होतं. मग नुसतं स्टार्टमध्येच विचारावं का? तेही पुरत नाही, कारण स्टार्ट आयुष्यात एकदाच चालतं. खेळाडूने दुकानाचा पॅनेल बंद करून पुन्हा उघडला तर ऑनएनेबल परत येतं, स्टार्ट येत नाही. मी 'ताजंकरा' नावाचं एक छोटं फंक्शन लिहितो आणि ते दोन्हीकडून बोलावतो. एकदा जास्तीचं लिहिलं गेलं तरी काही बिघडत नाही.

तिसरं, वर्गणी बंद करणं. ऑनएनेबलमध्ये जोडलंत तर बंद होताना चालणाऱ्या ऑनडिसेबलमध्ये तोडा, आणि ही दोन्ही फंक्शनं एका बैठकीत, एकाखाली एक लिहा. नाहीतर सीन बदलताना लेबल नष्ट होतं, खेळाडू मात्र पुढच्या सीनमध्ये जातो, आणि पहिल्याच नाण्याला इव्हेंट त्या मेलेल्या लेबलला हाक मारतो. मिसिंगरेफरन्सची एरर येते. त्याहून वाईट म्हणजे सी शार्पच्या इव्हेंटमध्ये एका वर्गणीदाराने एरर फेकली की रांगेतल्या पुढच्यांना हाक जातच नाही. तक्रार येते की दुसऱ्या पातळीवर नाण्याचा आवाज बंद पडला, आणि मूळ असतं पहिल्या पातळीवरच्या लेबलमध्ये.

दुसऱ्या इंजिनांतही गोष्ट हीच आहे, शब्द वेगळे. गोडोमध्ये लेबल नोडची टेक्स्ट प्रॉपर्टी असते आणि इव्हेंटच्या जागी सिग्नल. व्हेरिएबलला सेटर (किंमत बदलताना चालणारं फंक्शन) लावायचा, त्यात नवी किंमत ठेवून सिग्नल सोडायचा. तिथली खाच अशी, की एक्स्पोर्ट केलेल्या (एडिटरमधून भरता येणाऱ्या) व्हेरिएबलची सीनमध्ये भरलेली किंमत रेडीच्या, म्हणजे नोड तयार झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनच्या, आधीच सेटरमधून जाते. सेटरमध्ये थेट लेबलला हात घातलात तर लेबल अजून 'नल' (रिकामं) असतं आणि खेळ उघडताक्षणी पडतो. नोड तयार आहे का ते आधी तपासा, आणि रेडीमध्ये एकदा लिहून घ्या.

रोब्लॉक्समध्ये सुरुवात करणारे जवळजवळ सगळे स्टार्टरजीयूआयमधल्या टेक्स्टलेबलचं टेक्स्ट बदलतात आणि स्क्रीनवर काहीच होत नाही. स्टार्टरजीयूआय हा साचा आहे. खेळाडू आला की त्याची नक्कल त्याच्या प्लेयरजीयूआयमध्ये जाते आणि दिसते ती नक्कल. वर सांगितलेल्या प्रीफॅबच्या चुकीचाच हा भाऊ. लोकलस्क्रिप्ट (खेळाडूच्या यंत्रावर चालणारी स्क्रिप्ट) त्या जीयूआयच्या आतच ठेवा, म्हणजे तीही नकलेसोबत जाते, आणि इंटव्हॅल्यूच्या (पूर्णांक साठवणाऱ्या वस्तूच्या) 'चेंज्ड' इव्हेंटवर लेबल लिहा. खेळाडू मरून परत आला की स्क्रीनजीयूआय मुळात पुन्हा नव्याने येतो, म्हणून इथेही सुरुवातीचा आकडा लगेच लिहावा लागतो. 'रीसेटऑनस्पॉन' बंद केलं तर तोच टिकतो. अनरियलमध्ये टेक्स्टब्लॉकला बाइंडिंग (किंमत आपोआप आणणारी जोडणी) लावण्याची सोय आहे आणि ती मोहात पाडते, पण ते बाइंडिंग दर फ्रेमला विचारणा करतं. इव्हेंट डिस्पॅचरवरून, म्हणजे तिथल्या इव्हेंटवरून, सेटटेक्स्ट बोलावणं बरं.

आता आकडा दाखवायचा कसा, हा भाग. याला लोक सजावट समजतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण खेळाडूला व्हेरिएबल दिसत नाही, त्याला फक्त हा आकडा दिसतो आणि त्यावर विसंबून तो निर्णय घेतो.

एका खेळात आम्ही आरोग्य फ्लोटमध्ये (दशांश आकड्यात) ठेवलं होतं आणि दाखवताना त्याचा इंटिजर केला होता. इंटिजर करताना अपूर्णांक कापला जातो. विषाने हळूहळू आरोग्य उतरत असताना खेळाडूकडे 0.4 उरलेलं असायचं, स्क्रीनवर शून्य दिसायचं आणि तो तरीही चालत असायचा. चाचणी करणाऱ्या मुलीने लिहिलं होतं, 'मी मेलेय की नाही ते कळत नाही.' कोडमध्ये काहीही चुकलेलं नव्हतं, आकडा खोटं बोलत होता. तेव्हापासून नियम असा: ज्याचं शून्य होणं म्हणजे शेवट, ते दाखवताना वर ढकलायचं, सीलटूइंट वापरायचं. मग शून्य दिसतं तेव्हा खरंच शून्य असतं. जे मिळवायचं असतं, त्याला उलट न्याय. अनुभवाचे 99.6 टक्के झाले असताना 100 दाखवलं तर खेळाडू बक्षिसाची वाट पाहत बसतो. तिथे खालीच कापायचं.

उलट्या टायमरमध्ये याच गोष्टीचा गंमतीदार प्रकार होतो. समजा 119.4 सेकंद उरलेत. मिनिटं काढायला 60 ने भागून खाली कापलं: 1. उरलेले सेकंद 59.4, ते वर ढकलले: 60. स्क्रीनवर येतं 1:60. आधी पूर्ण वेळ एकदाच वर ढकला, 120 करा, आणि मग भागाकार व बाकी इंटिजरमध्ये काढा. 2:00 येतं. सेकंद दोन अंकी ठेवायला 'डी2' हा फॉरमॅट द्या, नाहीतर 1:05 च्या जागी 1:5 दिसेल.

टायमर खरोखरच दर फ्रेमला बदलतो, तिथे इव्हेंटचा उपयोग नाही. पण दिसणारा आकडा सेकंदाला एकदाच बदलतो. म्हणून शेवटचा दाखवलेला इंटिजर बाजूला ठेवा, अपडेटमध्ये नवा इंटिजर काढा, दोन्ही सारखे असतील तर तिथूनच परत फिरा. ही एक तुलना 60 लिखाणांचं एक करते.

टेक्स्टमेशप्रोमध्ये सेटटेक्स्ट फंक्शनला महिरपी कंसात शून्य लिहिलेला साचा आणि सोबत आकडा देता येतो. ते आकड्याची वेगळी स्ट्रिंग न बनवता लिहितं, त्यामुळे कचरा होत नाही. मात्र ते आकडा फ्लोट म्हणून घेतं, आणि 32 बिटांच्या फ्लोटमध्ये सलग पूर्णांक 1,67,77,216 पर्यंतच अचूक मावतात. त्यापुढे स्कोअर एकाने वाढला की दिसणारा आकडा कधी जागचा हलत नाही, तर कधी दोनाने उडी घेतो. स्कोअर कोटींत जाणारा खेळ असेल तर ही सोय वापरू नका, आणि खुद्द स्कोअर तर कुठल्याच खेळात फ्लोटमध्ये ठेवू नका. साधा इंटही 2,14,74,83,647 ला संपतो. थेंबाथेंबाने अफाट आकडे जमवण्याचा खेळ असेल तर सुरुवातीपासून लाँग (इंटपेक्षा मोठा पूर्णांक प्रकार) घ्या.

आकडा दाखवणारा कोड किती नुकसान करू शकतो, याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण 1980 च्या पॅक-मॅनमध्ये आहे. पातळीचा आकडा तिथे एका बाइटमध्ये होता, आणि बाइटमध्ये 0 ते 255 एवढंच मावतं. मोजणी शून्यापासून असल्याने 256 व्या पातळीवर त्या बाइटमध्ये 255 असतं. स्क्रीनच्या तळाला पातळीनुसार फळं काढणारा कोड त्यात एक मिळवायचा आणि बाइट उलटून शून्य व्हायचं. शून्य हे आठपेक्षा कमीच, म्हणून कोड थोडीच फळं काढायची असं समजून पुढे जायचा, पण मोजणी आधी एक वजा करून मग शून्याशी ताडली जात असल्यामुळे फळं निघायची 256. ती फळांच्या जागेत मावत नसल्याने उजवा अर्धा पडदा कचऱ्याने भरून जायचा आणि पातळी पूर्ण करणं अशक्य व्हायचं. भुतांचा किंवा भिंतींचा कोड शाबूत होता. खेळ अडला तो एक आकडा चित्रांत दाखवताना.

फॉन्टबद्दल दोन गोष्टी. बऱ्याच फॉन्टमध्ये 1 हा अंक 8 पेक्षा अरुंद असतो, त्यामुळे पळणारा टायमर डावी-उजवीकडे थरथरतो. टेक्स्टमेशप्रोमध्ये 'एमस्पेस' हा टॅग लावला की सगळे अंक सारख्या रुंदीचे बसतात. आणि 'गुण' किंवा 'शिल्लक' असं देवनागरीत लिहिणार असाल तर फॉन्ट ॲसेटमध्ये ती अक्षरं असायला हवीत, नाहीतर चौकोन दिसतील. तेवढ्यानेही भागत नाही: टेक्स्टमेशप्रो जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी नीट जुळवत नाही. गोडो 4 मध्ये हे काम व्यवस्थित होतं. युनिटीत मोजकेच शब्द असतील तर मी ते चित्र म्हणून ठेवतो आणि शेजारी फक्त आकड्याचं लेबल लावतो. दशांश दाखवताना कल्चरही (आकडे लिहिण्याची भाषेनुसार पद्धत) नेमून द्या. काही भाषांच्या सेटिंगवर 2.5 चं आपोआप 2,5 होतं आणि तुमच्या फोनवर ते कधीच दिसत नाही.

लेबलवरचा आकडा परत वाचून त्यावर हिशेब करू नका. 'टेक्स्ट इंटिजर करून त्यात एक मिळवा' असा कोड मी बऱ्याचदा पाहतो. ज्या दिवशी कुणी त्या लेबलमध्ये 'नाणी:' हा शब्द घालतं त्या दिवशी तो मोडतो. आकडा 100 वरून 150 पर्यंत पळत जाताना दाखवायचा असेल तर दोन व्हेरिएबलं ठेवा: खरी नाणी लगेच 150, आणि 'दिसणारी नाणी' त्यांच्या मागे धावत जाणारी. दुकानात परवडतं का हे खऱ्यांवरून ठरवायचं, साठवायचीही खरीच.

एवढं करूनही कोपऱ्यात शून्यच दिसत असेल, तर लेबल लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये डीबग डॉट लॉग टाका आणि त्याला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून खुद्द लेबल द्या. कन्सोलमध्ये ओळच आली नाही तर वर्गणी जुळलेली नाही. ओळ आली तर तिच्यावर क्लिक करा. युनिटी नेमकं तेच ऑब्जेक्ट पिवळं करून दाखवेल ज्यात आकडा लिहिला जातोय. ते हायरार्कीत चमकलं तर लेबलची चौकट आकड्याला पुरते का आणि तिच्यावर दुसरं लेबल तर नाही ना, ते बघा. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये चमकलं तर इन्स्पेक्टरमधला तो खाना रिकामा करा आणि सीनमधलं लेबल पुन्हा ओढून टाका.